मंगळवारची प्रार्थना

“हिवाळे, आज तुम्ही,” डॉक्टर उजागरे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी आधी दाराकडं पाहिलं, मग मेट्रनबाईंकडं. कुणीतरी आत येईल, काहीतरी खाली पडेल, निदान स्टरलायझरचं पाणी तरी उतू जाईल, अशी मला आशा होती. तसलं काही झालं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये हिवाळे आडनावाची मी एकटीच होते.

टेबलावर लिंबाजी ढाकणे उताणा पडला होता. आमच्या गावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तो हमाल होता. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून तरातरा ट्रकमध्ये चढणारा माणूस. आमचा हिरवा गाऊन त्याला होईना, म्हणून नाड्या तशाच सोडल्या होत्या. त्याच्या जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया, उतरलं होतं. दोन दिवसांपूर्वी ते अडकलं, तेव्हा डॉक्टरांनी हातानं दाबत दाबत आत बसवलं आणि त्याला बजावलं, “आता ऑपरेशन करून टाकू. पुन्हा अडकलं आणि आतड्याचं रक्त बंद पडलं, तर जिवावर बेतेल.” लिंबाजी एका पायावर तयार झाला होता.

आमच्या मिशन हॉस्पिटलात एक रिवाज होता. पाठीत इंजेक्शन देण्याआधी, रोगी शुद्धीवर असतानाच, कुणीतरी त्याच्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करायची. ती डॉक्टरांनीच करायची असं काही नव्हतं. ज्याचा त्याचा वार ठरलेला होता. फरशी पुसणाऱ्या मोझेसमामांनाही शुक्रवार होता. आसपासच्या खेड्यांतली माणसं, मग ती कुठल्याही देवाची असोत, त्या प्रार्थनेच्या भरवशावर यायची. ‘देवाला विचारून कापणारा डॉक्टर’ अशी डॉक्टर उजागऱ्यांची ख्याती होती.

माझा वार मंगळवार. नर्सिंग पास होऊन मला तिथं लागून पाच महिने झाले होते आणि मंगळवारची प्रार्थना मी एकदाही केली नव्हती. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा रबरी हातमोजे वापरून फेकून देत नसत. ते धुवायचे, वाळवायचे, फुगवून भोक आहे का बघायचं, भोकाला ठिगळ लावायचं आणि आतून पावडर घालून पुन्हा वाफेला लावायचे. मोठं कटकटीचं काम. मी माझ्या खोलीतल्या रूथशी करार केला होता: तिनं माझा मंगळवार करायचा आणि मी तिच्या वाट्याचे हातमोजे करायचे. पाच महिने मी दोघींचे हातमोजे केले. पावडरीनं माझे हात सदा पांढरे असत, पण जीव थाऱ्यावर होता. त्या मंगळवारी रूथला गालगुंड झालं.

पाळकाची मुलगी आणि प्रार्थनेला भिते, हे सांगायचं तरी कुणाला? मी लाजाळू आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि मी तो समज जपून ठेवला होता.

मी लिंबाजीच्या छातीवर हात ठेवला.

“हे कृपाळू पित्या,” मी म्हणाले.

पुढं काहीच सुचेना. डॉक्टर डोळे मिटून उभे. मेट्रन चक्रनारायणबाईंनी डोळे मिटले होते, पण एक भुवई वर गेलेली मला दिसली. आणि मग कुठूनशी वाक्यं आली. आपोआप, एकामागून एक, कुठंही न अडखळता. मला इतकं हायसं वाटलं की ती येताहेत कुठून, हे मी पाहिलंच नाही.

“हे कृपाळू पित्या, आमच्या या भावाचे कष्ट आता सरले आहेत. याला तू तुझ्या विसाव्यात घे. याच्या हातून जे चुकलं असेल त्याची क्षमा कर. मागं राहिलेल्या याच्या पत्नीचं आणि लेकराबाळांचं तू सांत्वन कर, त्यांचे अश्रू—”

माझ्या हाताखालची छाती एकदम वर आली. लिंबाजी उठून बसला होता.

“थांब, पोरी,” तो म्हणाला. “मी जित्ता हाय.”

ती माझ्या बाबांची दफनाच्या वेळची प्रार्थना होती. बाबा एका खेड्यातल्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक. आई गेल्यावर मला घरी कुणाजवळ ठेवायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक मयताला ते मला बरोबर नेत. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून मी कबरीच्या कडेला उभी राहायची. लहानपणी इतर पोरींना बडबडगीतं पाठ असतात. मला ती प्रार्थना पाठ होती, स्वल्पविरामासकट.

लिंबाजी टेबलावरून खाली उतरला. गाऊन मागून सताड उघडा, पण त्याचं त्याला भान नव्हतं. दार ढकलून तो थेट व्हरांड्यात गेला. तिथं त्याची बायको गयाबाई भिंतीला टेकून बसली होती.

“झालं आपरेशन? एवढ्यात?” ती उठलीच.

“आपरेशन कशाचं! माती उरकली माझी त्या पोरीनं. तुझं सांत्वनबी करून टाकलं. माझं धोतर कुठंय? चल घरी.”

डॉक्टर मागोमाग गेले. त्यांनी पुष्कळ समजावलं. लिंबाजीनं हात जोडले.

“डाक्टर, तुमच्यावर माझा राग न्हाई. पर एकदा का वर अर्ज गेला, तर तो माघारी येतो का? त्या टेबलावर मी परत झोपलो की तुमचा देव न्यायालाच येणार मला.”

नवराबायको फाटकातून बाहेर पडली. थिएटरच्या दारात मी तशीच उभी होते. मेट्रनबाई माझ्याजवळ आल्या.

“तीस वर्षं आहे मी इथं,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ रोगी गेले. पण ऑपरेशनच्या आधी दफन झालेलं मी पहिल्यांदाच बघतेय.”

मला हसू येईना आणि रडूही येईना. त्या पुढं म्हणाल्या, “जा, हातमोजे कर,” आणि मी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी राजीनाम्याचा कागद लिहूनच नेला होता. त्यांनी तो न वाचता पेपरवेटखाली ठेवला.

“मी काल संध्याकाळी लिंबाजीच्या घरी जाऊन आलो,” ते म्हणाले. “आज सकाळीही गेलो होतो. तो मला बसायला पोतं टाकतो, चहा पाजतो आणि नाही म्हणतो. त्याला कळत नाही असं नाही. तो घाबरलाय, पण तसं म्हणायची त्याला सवय नाही. आता तुम्ही जाऊन या.”

“मी? सर, मला बघितल्यावर तर तो—”

“हाकलून देईल, फार तर.”

“मी बोलू काय त्याच्याशी?”

“ते मला ठाऊक नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हिवाळे, ते अंतर्गळ आज अडकेल नाहीतर महिन्यानं, पण अडकणार. तेव्हा त्याला इथं आणायला चार-सहा तासच मिळतील. त्या वेळी तो तिथंच हट्टानं बसला तर मरेल. तुमच्या वडिलांची प्रार्थना मग खरी होईल.”

ते वाक्य कानात घेऊनच मी निघाले. मोंढ्याची वाट मैलभराची. फेब्रुवारीतलं ऊन, नवी ज्वारी बाजारात आलेली, रस्ताभर बैलगाड्यांची रीघ. मी मनात वाक्यं जुळवत होते. ‘काका, कालचं विसरा.’ ‘काका, ती प्रार्थना तुमची नव्हतीच.’ कुठलंच धड वाटेना. एक छोटीशी प्रार्थना करावी म्हटलं, मनातल्या मनात तरी. पण तीही ‘हे कृपाळू पित्या’च्या पुढं सरकेना. पुढं पाय टाकला की तिथं कबर होती.

मोंढ्याच्या मागं हमालांच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. लिंबाजी दारातच बाजेवर बसून कांदा-भाकरी खात होता. मला बघून त्यानं घास खाली ठेवला.

“गया, बाहेर ये,” त्यानं आत हाक मारली. “दहाव्याला पाव्हणी आली बघ.”

शेजारच्या दारांतून दोन-तीन डोकी बाहेर आली. कालची हकीकत ओळभर झालेली दिसत होती, कारण सगळेच हसले. मी कानापर्यंत लाल झाले. गयाबाई मात्र हसली नाही. तिनं पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पदरानं माझ्यासाठी जागा झटकली. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते.

“काका,” मी म्हणाले, “चूक माझी झाली. डॉक्टरांची नाही. तुम्ही हॉस्पिटलात चला.”

“कामून? मला काय झालंय?”

“ते पुन्हा अडकेल.”

“आडकत न्हाई काय न् काय. गया, बघ गं, ह्या पोरीला वाटायलंय मी मरायला टेकलोय.” तो उठला. दाराशेजारी भिंतीला ज्वारीचं भरलेलं पोतं उभं होतं. “बघ हं. नीट डोळे उघडून बघ.”

“काका, नको!”

“अवं, नगा!” गयाबाई ओरडली.

त्यानं पोत्याला मिठी मारली, गुडघे वाकवले आणि ते छातीपर्यंत उचलून धरलं. सगळ्या ओळीसमोर तो तसा क्षणभर उभा राहिला, माझ्याकडं बघत, जिंकल्यासारखा. मग त्याचा चेहरा बदलला. पोतं हातातून निसटलं, शिवण उसवली आणि ज्वारी अंगणभर सांडली. लिंबाजी दोन्ही हात जांघेशी धरून हळूच खाली बसला.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या कपाळावर घाम डवरला आणि ओठ पांढरे झाले. मी त्याच्याजवळ गुडघे टेकले, हात लावून पाहिलं. गाठ दगडासारखी टणक होती, बोट लावू देत नव्हती. थोड्या वेळानं त्याला उलटी झाली. हे सगळं आम्हाला शिकवलेलं होतं, ओळीनं याच क्रमानं.

“काका, उठा. आत्ताच्या आत्ता जायचं.”

“न्हाई.”

“काका, आता खेळ नाही. आतडं आवळलं गेलंय.”

“मरायचं तर हितं मरंन,” तो दात आवळून म्हणाला. “माझ्या दारात. तितं तुज्या देवाकडं माझं नाव गेलंय.”

गयाबाई रडत त्याच्या पाया पडायला लागली. शेजारचे हमाल गोळा झाले. ते त्याला उचलायला आले, तर त्यानं एकाला असा झटकला की तो मागं ज्वारीत जाऊन पडला. तसल्या अवस्थेतही त्या अंगात ताकद होती. चौघांनी धरून नेलं असतं तरी टेबलावर तो पडून राहिला नसता, हे मला कालच दिसलं होतं. त्यानं स्वतः ‘चला’ म्हणायला हवं होतं आणि ते त्याच्याकडून म्हणवून घ्यायला तिथं मी एकटीच होते.

जुळवलेली सगळी वाक्यं विरून गेली. मग जे खरं होतं तेच तोंडून निघालं.

“काका, मी सात वर्षांची होते,” मी म्हणाले. “माझी आई तापानं आजारी होती. मंडळीतली सगळी माणसं आमच्या घरी प्रार्थनेला जमली होती. बाबा म्हणाले, ‘नाओमी, तू कर. लेकराचं देव आधी ऐकतो.’ मी सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रार्थना केली. आई बरी होऊ दे, एवढीच. तिसऱ्या दिवशी आई गेली.”

लिंबाजीनं मान वर केली.

“त्यानंतर मी कधी कुणासाठी मोठ्यानं काही मागितलं नाही. मला वाटतं, मी मागितलं की…”

“की माणूस मरतंय?”

मी मान हलवली. तेरा-चौदा वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रूथला नाही, बाबांना तर नाहीच. आणि सांगितलं ते सांडलेल्या ज्वारीत बसून, एका हमालाला, दहा माणसांच्या देखत.

“काल डॉक्टरांनी उभं केलं,” मी म्हणाले. “भीतीनं माझं डोकं बंद पडलं. जे पाठ होतं ते बोलले. ते तुमच्यासाठी नव्हतं, काका.”

एक कळ आली. त्यानं माझं मनगट धरलं. कळ जाईपर्यंत सोडलं नाही. मग धापा टाकत विचारलं, “म्हंजी तू माझी माती न्हवतीस करायली. भ्यालती तू.”

“हो.”

“लई?”

“लई.”

त्यानं तळहातानं कपाळावरचा घाम पुसला.

“मलाबी भ्या वाटायलंय,” लिंबाजी म्हणाला.

गयाबाईचं रडणं थांबलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य कधी ऐकलं नसावं. शेजारच्या हमालांनी माना खाली घातल्या.

“गाडी आणा,” तो म्हणाला. “पर एक हाय, पोरी. प्रार्थना तूच करायची. डाक्टर न्हाई. माझ्या खंडोबालाबी मी सांगतो, पर तितं तुमच्या देवाचं चालतंय. तूच बिघडवलंस, तूच नीट कर.”

मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पोती वाहायच्या हातगाडीवर लिंबाजीला घातला. खाली रिकामी पोती, वर गयाबाईचं लुगडं. चौघं हमाल गाडी घेऊन धावत निघाले. ज्या माणसानं आयुष्यभर ओझं वाहिलं त्याला वाहून नेताना ते रस्त्यानं ओरडत होते, “सरका, सरका, आमचा माणूस हाय!” बैलगाड्या बाजूला होत होत्या. मी गाडीच्या कडेनं पळत होते. एक चप्पल कुठं पडली ते कळलं नाही.

थिएटर तयार व्हायला अर्धा तास गेला. दुपारचे चार वाजले असतील. डॉक्टरांनी हात धुतले आणि माझ्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडं बघून हलक्या आवाजात म्हणाले, “आज बुधवार, मेट्रनबाईंचा वार. त्या करतील.”

“न्हाई,” टेबलावरून आवाज आला. “ठरलंय आमचं.”

मेट्रनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झाले आणि लिंबाजीच्या छातीवर हात ठेवला. भीती गेली असेल असं कुणाला वाटत असेल तर ती गेली नव्हती. कालच्यापेक्षा दुप्पट होती, कारण आता तो माणूस मला माहीत होता.

डोळे मिटल्यावर मला बाबा दिसले. कबरीपाशी उभे असलेले नाहीत. आईला पुरून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळचे. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. आम्ही दोघंच पाटावर बसलो. आणि बाबांनी नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना केली. आवाज फाटत होता, तरी पुरी केली. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. ज्यानं आपलं ऐकलं नाही त्याच्याशी हे बोलतात कसे, असं वाटलं होतं. आई गेली ते मी विसरले नाही आणि मी मागितलं ते विसरले नाही. पण बाबा त्या संध्याकाळीही त्याच्याशी बोलले होते, हे मात्र इतकी वर्षं विसरले होते.

“प्रभू,” मी म्हणाले, “मी नाओमी. मी तुझ्याकडं एकदा मोठ्यानं मागितलं होतं. तू दिलं नाहीस. का, ते मला अजून कळलेलं नाही. तरी पुन्हा मागते. हे लिंबाजी ढाकणे. यांना जगू दे. मी भ्यालेय, हेही भ्यालेत. तू आमच्याजवळ राहा. आमेन.”



“संपली?” लिंबाजीनं विचारलं.

“संपली.”

“बेस झाली,” तो म्हणाला. “कापा, डाक्टर.”

पाठीत इंजेक्शन दिलं. कंबरेखालचं अंग बधिर झालं, पण तो जागा होता. माझं काम त्याच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब बघायचं. मधे हिरवं कापड आडवं लावलेलं होतं. पलीकडं डॉक्टर आणि मेट्रनबाई. पुढची वीस मिनिटं हत्यारांच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. मग डॉक्टर थांबले. मी उठून कापडावरून पाहिलं. अडकलेलं आतडं बाहेर काढलेलं होतं, वीतभर लांबीचं. ते वांग्याच्या सालीसारखं काळं-जांभळं दिसत होतं.

“गरम सलाईनची कापडं,” डॉक्टर म्हणाले. मेट्रनबाईंनी ती आतड्याभोवती गुंडाळली. “दहा मिनिटं वाट बघू.”

त्या दहा मिनिटांचा अर्थ थिएटरमधल्या प्रत्येकाला माहीत होता. आवळलेलं सुटलं, ऊब मिळाली, की आत जीव असेल तर रंग परत येतो. आला नाही तर तेवढा भाग कापून टाकायचा. आमच्या छोट्या थिएटरात, साठवलेलं रक्त नसताना, तसं ऑपरेशन झालेली माणसं मी दोन पाहिली होती. दोन्ही वाचली नव्हती.

“थांबले कामून?” लिंबाजीनं विचारलं. त्याला कापडापलीकडचं काही दिसत नव्हतं.

काहीतरी गोड खोटं सांगावं असं वाटलं. पण आमच्यात तसं ठरलेलं नव्हतं.

“आतडं काळं पडलंय, काका. रंग परत येतो का ते बघताहेत.”

“न्हाई आला तर?”

“तर अवघड आहे.”

त्याची नाडी माझ्या बोटांखाली धावायला लागली. त्यानं छताकडं पाहिलं. मग डोळे माझ्याकडं वळवले.

“मंग गप कामून बसलीस?”

माझी प्रार्थना होऊन गेली होती. मागायचं ते मागून झालं होतं, आमेन म्हणून झालं होतं. आता जे व्हायचं ते त्या कापडांखाली होत होतं आणि त्यावर कुणाचा इलाज नव्हता. मला कुणी उभं केलं नव्हतं, माझा वार नव्हता. मी स्टूल ओढलं, त्याच्या कानाशी वाकले आणि बोलायला लागले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाठ केलेलं काहीच नव्हतं. मी प्रभूला हातगाडी ओढणाऱ्या चौघांबद्दल सांगितलं, आणि व्हरांड्यात बसलेल्या गयाबाईबद्दल. तिच्याजवळ कुणाला तरी बसव म्हटलं. अंगणात सांडलेल्या ज्वारीबद्दल सांगितलं. हा माणूस फार हट्टी आहे, पण कबूल करायची वेळ आली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, असंही सांगितलं. तू याला ठेव, अशी विनंती मी मधून मधून करत होते. पण काही वेळानं मी नुसतं मागत नव्हते. घरातल्या माणसाशी बोलावं तशी प्रभूशी बोलत होते. कबरीपाशी बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी असताना मला काय वाटायचं, तेही सांगून टाकलं. आई गेल्यानंतर मी त्याच्याशी इतकं कधी बोललेच नव्हते.

लिंबाजीनं डोळे मिटले होते. मधेच तो ‘हूं’ म्हणायचा, गोष्ट ऐकणारा म्हणतो तसा. नाडी हळूहळू ताळ्यावर येत होती.

कापडापलीकडं हालचाल झाली. मेट्रनबाईंनी गुंडाळलेलं सोडलं असावं. कुणीतरी दीर्घ श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग डॉक्टर उजागऱ्यांचा आवाज आला, थोडा घोगरा.

“हिवाळे, उठून बघा. गुलाबी होतंय.”

मी उठले नाही. माझं बोलणं अजून संपलं नव्हतं.